कोट्यातली एकच गाडी

३ फेब्रुवारी

मास्तर,

तुला आशीर्वाद, ताईला नमस्कार आणि शेडमधल्या त्या लाल म्हातारीच्या बॉनेटवर माझी एक थाप.

फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो’, ‘बरं’, ‘बघतो’ याच्या पुढे जात नाहीस. पत्रात निदान सबंध वाक्यं लिहितोस. शाळा अर्ध्यावर सोडलीस, पण एका वेलांटीची चूक सापडेल तर शपथ. म्हणून तर तुला मास्तर म्हणतो.

आता कामाचं. भाऊजींची लाल गाडी ज्या कंपनीची, तिने एक नवी स्पोर्ट्‌स कार काढली आहे. दोनच सीटा, आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. मोजक्याच बनवणार आणि मग साचा मोडणार म्हणे. पैसे घेऊन गेलं की मिळाली, असं तिचं नाही. कंपनी प्रत्येक शोरूमला कोटा ठरवून देते. आमच्याकडे तर तिचं शोरूमच नाही. तुमच्या शहरातल्या शोरूमच्या कोट्यात एकच गाडी आहे, आणि ती कोणाच्या पदरात टाकायची हे तिथला मालक ठरवतो.

त्याच्या पदराखाली शिरायला मी काय काय केलं, ऐक. आधी त्याच्याकडून एक मोठी गाडी घेतली. मग आणखी एक मोठी गाडी घेतली. का, तर जुनं गिऱ्हाईक म्हणून माझं नाव वर सरकावं. आता तुझी मामी त्यातली एक घेऊन भाजी आणायला जाते. पिशवी एक, सीटा सात. आणि हा गृहस्थ अजून ‘बघू या’च म्हणतोय.

तर तुझ्याकडे एक मागणं. पुढच्या आठवड्यात मी येतोय. मला स्टेशनवर घ्यायला त्या लाल गाडीतून ये. तिथून थेट शोरूमला जाऊ. बघू दे त्याला, आपल्या घरात त्याच्या कंपनीची गाडी त्याच्या जन्माआधीपासून आहे.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मामीच्या पिशवीपर्यंत आल्यावर ती इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, “माझ्या भावाला लहानपणी दुसऱ्याच्या ताटातलंच आवडायचं, आता दुसऱ्याच्या कोट्यातलं आवडतंय.”

गाडी आणतो. पण काही गोष्टी आधी सांगून ठेवतो, आयत्या वेळी तुझी पंचाईत नको. थंड असताना ती पहिल्या झटक्याला सुरू होत नाही. चोक अर्धा ओढून जरा थांबावं लागतं, घाई केली की रुसते. दुसरा गिअर कुरकुरतो. तुझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही. काच खाली करून, हात बाहेर काढून उघडायचं. शोरूमसमोर तू तसा हात काढलास तर बरं दिसणार नाही, म्हणून मी आधी उतरेन आणि बाहेरून उघडेन. त्यांना वाटेल, तू ड्रायव्हर ठेवला आहेस.

एक विचारू का? गाडी एवढी खपणार असेल तर कंपनी जास्त का बनवत नाही? आमच्या दुकानाच्या उस्तादांना विचारलं. ते सीट फाडत होते, मान वर न करता म्हणाले, “सगळ्यांना मिळाली तर तुझा मामा धावेल कशाला?” राग मानू नकोस. तूच मला त्यांच्याकडे सीटा शिवायला ठेवलंस, तेव्हा त्यांची जीभ तुला माहीत आहे.

बाबा गेल्यापासून मी गाडी गर्दीत नेलेली नाही. रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, आईला शेजारी बसवून नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. त्यामुळे थोडी धास्ती आहे. पण तुझ्यासाठी आणेन. कालपासून पॉलिश करायला घेतलं आहे.

तुझा मास्तर


२ मार्च

मास्तर,

गड सर होत आला. त्या दिवशी तू म्हातारी अशी चमकवून आणलीस की तिच्याजवळ उभं राहताना मला माझे बूट लपवावेसे वाटत होते. काल मालकाचा फोन आला. सूर एकदम मऊ. ‘बघू या’चं ‘करू या’ झालंय.

एक अट तेवढी आहे. कंपनीचा नियम असा की, ज्याच्या नावावर तिची जुनी गाडी असेल त्याला पहिला मान. लाल गाडी तुझ्या नावावर, नवी घेणार मी. मामा-भाच्याचं नातं त्यांच्या कॉम्प्युटरला कळत नाही. तेव्हा काही महिने ती माझ्या नावावर करून दे. नुसतं कागदोपत्री. गाडी तुझ्या शेडमधून एक इंच हलणार नाही. नवी आली की जुनी पुन्हा तुझ्या नावावर.

कागद घेऊन माणूस पाठवतो. सही कर. ताईशी मी बोलून घेतो, तू तिला त्रास देऊ नकोस.

तुझा मामा


७ मार्च

मामा, नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी जरा गोंधळलो आहे, म्हणून सगळं सावकाश लिहितो.

शोरूमचा मालक मला चांगला माणूस वाटला. तू आत गेलास तरी तो बाहेर गाडीपाशीच रेंगाळला. रंग मूळचा का, असं त्याने विचारलं. मी खरं सांगितलं की दाराच्या खाली एका जागी नंतर रंगाचा हात फिरवला आहे. बॉनेट उघडायला लावलं. मग एवढ्या भारी कपड्यांत गुडघ्यावर बसून त्याने खालून पाहिलं. इतक्या मायेने गाडी बघणारा मला उस्तादांखेरीज कोणी भेटला नव्हता. मीही मग सगळं सांगत सुटलो. गिअर, चोक, दार, कोणता भाग कुठून मिळवला, सगळं. नंतर तुम्ही दोघं केबिनमध्ये बसलात आणि मी बाहेर काचा पुसत थांबलो. काचेतून दिसत होतं, तो बोलत तुझ्याशी होता आणि बघत गाडीकडे होता. मला बाबांसाठी बरं वाटलं.

आता कागदाचं. कागद म्हणजे कागद असतो, मामा. असं लिहू नये, पण मनात आलं ते लिहितो. उद्या तुला काही झालं तर गाडी मामीची होईल, मग तुझ्या मुलांची. त्यांना दार कसं उघडायचं तेही ठाऊक नाही. आई एवढंच म्हणाली, “माझा भाऊ आहे तो, परका नाही.” उस्ताद म्हणाले, “भाऊ आईचा आहे, गाडी तुझी आहे.”

तू रागावणार नसशील तर एका ओळीत लिहून दे की गाडी माझीच राहील. माणूस येऊन गेला. मी सही करून ठेवली आहे, पण कागद तुझं उत्तर आल्यावर देईन.

तुझा मास्तर


११ मार्च

मास्तर,

मामाकडून लिहून घेणारा पहिला भाचा तूच असशील. भाऊजी असते तर त्यांनी कान पिळला असता. तुझा की माझा, ते सांगता येत नाही.

घे लिहून. गाडी तुझी आहे आणि तुझीच राहील. खाली सही करतो. शिक्का हवा असेल तर माझ्या फरशीच्या दुकानाचा मारतो. त्यावर फरशी कोरलेली आहे, चालेल का?

भाऊजी गेले तेव्हा तू वर्गात बसेनास, घरात बोलेनास. उस्तादांच्या दुकानापर्यंत तुझा हात धरून कोण गेलं होतं, ते आठव. तेव्हा मी तुझ्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं.

कागद त्या माणसाकडे दे.

मामा


२० मे

मास्तर,

नंबर लागला. कोट्यातली ती एक गाडी आपली.

वर्षभर विकणार नाही, अशी सही घेतली माझ्याकडून. मी म्हटलं, अहो, विकायची गोष्ट सोडा, वर्षभर कोणाची सावली पडू देणार नाही. आमच्या फरशीवाल्यांच्या बैठकीत बातमी माझ्याआधी पोचली होती. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. दुकान उघडलं त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

एक बारीकसं काम. नवी सप्टेंबरात येईल. तोवर शोरूमवाले लाल गाडी काचेमागे मांडणार आहेत. लोकांना दाखवायला, की बघा, ही आई आणि तिची लेक येतेय. मंगळवारी त्यांचा ड्रायव्हर येईल. किल्ली दे. एक इंच हलणार नाही म्हणालो होतो, विसरलेलो नाही. हा शोभेचा इंच समज.

तुझा मामा


१५ जुलै

मामा, नमस्कार.

जूनमध्ये मी दोन पत्रं टाकली, त्यांचं उत्तर आलं नाही. पोचली नसतील म्हणून पुन्हा लिहितो.

मे महिन्यात, तू लिहिलंस त्या मंगळवारी ड्रायव्हर आला होता. त्याला चोकचं समजावून सांगितलं, पण त्याने ती पहिल्याच झटक्याला सुरू करायला घेतली. तीनचारदा बंद पडली तेव्हा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच मुद्दाम केलं. शेवटी मी शोरूमपर्यंत चालवत नेली आणि बसने परत आलो.

मी दर रविवारी शोरूमवरून जातो. आधी गाडी काचेमागे दिसायची. लोक थांबून बघायचे, बरं वाटायचं. या महिन्यात तिथे दुसरीच आहे. आत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “लाल ना? ती सरांच्या घरी आहे.” मी म्हटलं, घरी कशाला? त्यांनी विचारलं, “तुम्ही कोण?” कागदावर तर मी आता कोणीच नाही. मी म्हटलं, सहज विचारलं, आणि बाहेर आलो.

आई शेडचा विषय काढत नाही. तिने तिथे कपडे वाळत घालायला दोरी बांधली आहे. तिला वाईट वाटेल म्हणून मीही काही बोलत नाही.

गाडी घरी का नेली, एवढं विचारून कळव.

तुझा मास्तर


३ ऑगस्ट

मास्तर,

घाईत आहे, माल उतरतोय. शोरूममध्ये रंगकाम चाललंय म्हणून गाडी त्याच्या घरी नेली. तिथे छप्पर आहे, पहारा आहे, फुकटात सांभाळतोय. तुझ्या शेडपेक्षा थाटात आहे म्हातारी. तू सारखं तिथे जाऊन विचारू नकोस, बरं दिसत नाही. एकदा सप्टेंबर उजाडला की सगळं जागच्या जागी.

मामा


२६ ऑगस्ट

मामा,

काल दुपारी शोरूमचा टेम्पो आमच्या दुकानात आला. त्यांचं काम नेहमीच येतं. काथ्या भरून जुन्या पद्धतीने सीट बांधणारं दुकान या शहरात आता आमचंच राहिलं आहे. पोत्यात गुंडाळलेली एक सीट उतरवली. उस्ताद जेवायला गेले होते, म्हणून मी ती टेबलावर घेतली आणि पोतं सोडलं.

बाबांची सीट होती. चालवणाऱ्याची.

तू तिच्यावर कधी बसला नाहीस, म्हणून सांगतो. बाबांची कंबर दुखायची, ते डाव्या अंगावर रेलून चालवायचे. त्या बाजूला काथ्या दबून बशीसारखा खोलगा झाला आहे. शेजारची सीट मी काम शिकल्यावर नवी केली, आईसाठी. ही केली नाही. सीटवाल्याच्या गाडीतली सीट अशी कशी, म्हणून लोक हसायचे. मी म्हणायचो, वेळ मिळत नाही. मी त्या खोलग्यात बसूनच गाडी शिकलो. मला तसंच तिरकं बसायची सवय आहे.

टेम्पोवाल्याला विचारलं, कोणाची आहे. तो म्हणाला, “सरांची. ती लाल गाडी घेतली ना त्यांनी. म्हणतात, बसलं की कलंडायला होतं. सपाट करून द्या.”

“घेतली म्हणजे?”

“घेतली म्हणजे घेतली. तुला काय करायचंय?”

उस्ताद आले. त्यांनी आधी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते या गाडीत बाबांशेजारी बसलेले आहेत, त्यांना सांगावं लागलं नाही. हात पुसले. मग म्हणाले, “परत पाठवू?” मी म्हटलं, थांबा, मामाला विचारतो.

तेच विचारतो आहे. गाडी विकली का? हो किंवा नाही, एवढंच लिही.


२ सप्टेंबर

मास्तर,

हो.

आधी तेवढं लिहिलं, कारण तू तेवढंच मागितलंस. आता बाकीचं ऐक.

विकली नाही, दिली. मालकाला पैशाचं काय? माझ्याहून मोठी गिऱ्हाइकं त्याच्या दाराशी बसलेली होती. मी आणखी दोन गाड्या घेतल्या असत्या तरी त्याने ‘बघू या’च म्हटलं असतं. त्या दिवशी केबिनमध्ये त्याने सरळ सांगितलं, “बाहेर उभी आहे ती मला द्या आणि कोट्यातली तुम्ही न्या.” तू तेव्हा काचा पुसत होतास. जुन्या गाडीला पहिला मान वगैरे कंपनीचा काही नियम नाही. तो मी घरी परत जाताना रेल्वेत बसून रचला.

तुला तोंडावर विचारता आलं असतं. पण तू नाही म्हणाला असतास, आणि तू नाही म्हणतोस तेव्हा थेट भाऊजींसारखा दिसतोस. मग माझी जीभ लुळी पडते. तुला ती गाडी म्हणजे बाप आहे. मला काय आहे, कधी विचारलंस? भाऊजी ताईला घेऊन फिरायला निघायचे, तेव्हा मी फाटक उघडायचो. गाडी गेली की फाटक लावायचो. त्यांनी मला एकदाही स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. ‘मोठा हो, मग बघू.’ मी मोठा झालो, मास्तर. या वयात मला एकदा फाटकातून बाहेर पडायचं होतं.

आणि सगळं पाप माझ्या एकट्याच्या माथी मारू नकोस. ताईला माहीत आहे. तिने हो म्हटलं, मगच मी पुढे पाऊल टाकलं. विचार तिला.

वीस तारखेला गाडी येतेय. पहिली फेरी ताईची, दुसरी तुझी, मामी तिसरी. तुझं नुकसान होऊ देणार नाही. तुला हवी ती दुसरी गाडी घेऊन देतो. मामीची नेलीस तरी चालेल. सात सीटा आहेत, तुला जन्मभर काम पुरेल.

रागावलास तरी दोन ओळी लिही.

मामा


१३ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही, तिच्या हातात दिलं. तिने ते खिडकीपाशी बसून वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, “हो म्हणाले मी, ते खरं आहे.”

मी विचारलं, कशाला हो म्हणालीस?

ती म्हणाली, “तो म्हणाला, पोरगा गाडीला कंटाळलाय. बापाची म्हणून नुसता ओढतोय. काढून टाकायचीय, पण तुला सांगायला लाजतो. तू विषय काढू नकोस, ताई, उगीच त्याला अपराध्यासारखं वाटेल.” मग म्हणाली, “म्हणून नाही काढला.”

मे महिन्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो आहोत. रिकामी शेड बघून तिला वाईट वाटत असेल, म्हणून मी गप्प. मला लाज वाटत असेल, म्हणून ती गप्प. रविवारी ती लवकर उठायची, केस विंचरायची, चांगलं नेसायची, आणि मग एकदम काहीतरी काम काढून बसायची. मला वाटायचं, सवय आहे, जाईल हळूहळू.

गाडी तुम्ही तोंडावर मागितली असती तर मी नाही म्हणालो असतो, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तुम्ही चिडला असता. महिनाभर बोलला नसता. मग मामीने मध्ये पडून मिटवलं असतं. यापेक्षा जास्त काही झालं नसतं. गाडी नेलीत, ती एक वेळ मी गिळली असती. पण तुम्ही मला माझ्या आईशी आणि आईला माझ्याशी बोलू दिलं नाहीत, आणि ते आमच्या काळजीपोटी करतोय असं आम्हा दोघांनाही वाटू दिलंत. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तुम्ही फाटकाचं लिहिलंत. ते मला माहीत नव्हतं. बाबांनी तुम्हाला एकदा चालवायला द्यायला हवी होती. पण तुम्ही मला सांगितलं असतं तर त्या दिवशी स्टेशनवरून शोरूमपर्यंत मी तुम्हालाच चालवायला दिली असती.

सीट मी केली. उस्ताद म्हणत होते, हे काम मी दुसऱ्याकडे देतो, तू आज घरी जा. पण दुसऱ्याने दाभण कुठे घातलं असतं आणि कापड कुठे फाडलं असतं, याचा मला घोर लागला असता. शिलाई उसवली, भरण काढलं, नवा काथ्या भरला आणि सपाट होईपर्यंत थापला. सपाटी तपासायला पाणसळ लावून पाहिली. आता मालक कलंडणार नाहीत. परवा टेम्पो येऊन घेऊन गेला.

जुनं भरण आमच्या दुकानात टाकून देतात. मी ते आकार न मोडता पाटीत ठेवून घरी आणलं. काय आहे ते आईला सांगितलं. तिने ते पाटीसकट उन्हात ठेवलं आणि संध्याकाळी आत घेतलं. आज पुन्हा ठेवलं आहे. दमट राहिलं तर कीड लागेल, म्हणाली.

वीस तारखेला आम्ही येणार नाही. दुसरी गाडी मला नको. मामीची तर मुळीच नको, तिचा यात काही दोष नाही.

आईला विचारलं, मामाला काही निरोप द्यायचा आहे का. ती म्हणाली, “मी बरी आहे, एवढं लिही. तू कसा आहेस, असं मात्र त्याला विचारू नकोस.”

आई बरी आहे.